रिकाम्या हातानं निघालेल्या बाया

ये, अशी जवळ बस. पुण्यात आहेस म्हणून काय झालं, वाचताना तरी आजीला चिकटून बसल्यासारखी बस. आणि कानातली ती बोंडं काढ आधी. तू कान बुजवून बसलीस तर मी कुणाला सांगू?

रागावलेच आहे मी तुझ्यावर. दिवाळीत तुमच्याकडं आले होते तेव्हा तुझ्या खोलीतलं ते चालायचं मशीन बघितलं. भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं. दांडीवर ओला टॉवेल, पट्ट्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. विचारलं तर म्हणालीस, "आजी, सुरुवातीला रोज चालायचे, मग कंटाळा आला." येणारच की माय कंटाळा! दार लावून, भिंतीकडं बघत, एकटीनं चालायचं, आणि चालूनसुद्धा जिथल्या तिथं. एखाद्या दिवशी चालली नाहीस तर "का गं आली नाहीस आज" म्हणून विचारणारं कुणी नाही. तुझा बाप फोनवर सांगत होता, दम लागतो म्हणून जिना टाळतेस. ह्या वयात! म्हणून हे लिहायला घेतलं. मला शाळा फार झालेली नाही. तुझ्या बापाच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवत शिकले. तेव्हा बोलते तशीच लिहिणार, शुद्ध-अशुद्ध तू बघून घे.

भादव्यात मी न्हाणीत पडले, मनगट मोडलं, एवढं तुला माहीत आहे. बाकीचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

नळ चालू राहिला होता. बादली भरून पाणी माझ्या अंगाखालून मोरीकडं जायला लागलं. मी हाका मारत होते. भिंतीपलीकडं तुझी चुलत आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, पण तिचा टीव्ही चालू. रस्त्यानं भंगारवाला गेला, त्याच्या भोंग्यापुढं माझा आवाज तो काय! दोन बाया बोलत गेल्या. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललं होतं, आणि माझं त्यांना काही ऐकू गेलं नाही. हाताचं दुखणं कसं होतं ते आता आठवतही नाही. माणसं नेहमीसारखी जातायत, हसतायत, आणि मी इथं पडलेय हे कुणालाच माहीत नाही, ते मात्र अजून डोळ्यापुढून जात नाही. दुपारी जाऊ ताक मागायला आली म्हणून बरं. त्या दिवशी तिच्या घरी ताक असतं तर?

हात बसला, पण पाय बिघडले. पायाला काही लागलं नव्हतं बघ, पण उंबरा आला की पाय उचलेना. माझं माहेर वालूरचं. तिथल्या बारवेच्या पायऱ्या मी डोक्यावर घागर घेऊन चढायची, शेवाळावरून, अनवाणी. तीच मी आता न्हाणीच्या चार बोटांच्या उंबऱ्यापुढं उभी राहून घामाघूम व्हायची. भिंत धरून चालायची. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत रंगावर माझ्या हाताचा मळकट पट्टा उठलाय, बघशील आलीस की.

आणि मला माहीत होतं पुढं काय होतं ते. माझ्या सासूबाई अशाच एकदा अंगणात घसरल्या होत्या. हाडबीड काही मोडलं नव्हतं. पण त्यांनी भीतीनं खाट धरली. आज नको, उद्या उठते, असं करता करता त्यांचे पाय माझ्या मनगटाएवढे झाले. शेवटी कूस बदलायलाही मीच लागायची. डोकं शाबूत होतं, सगळं समजायचं. त्यांना उचलताना त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या, ती नजर सांगण्यासारखी नाही. पाय कसे विसरतात ते मी रोज तेल लावता लावता बघितलंय.

परभणीच्या दवाखान्यात प्लॅस्टर काढलं तेव्हा व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती. हात बघून झाल्यावर म्हणाली, "आजी, आता पायांकडं बघा. रोज चाला. आणि काहीतरी धरून एका पायावर उभं राहायची सवय करा."

मी म्हणलं, "पडले तर?"

"बसून राहिलात तर नक्की पडाल," म्हणाली.

आणि तुझा बाप तिथंच गाडीत बसताना म्हणाला, "माय, आणखी एकदा पडलीस तर मी घराला कुलूप लावून तुला पुण्याला नेणार. इचारणार न्हाई."

आता सांग, काय करायचं मी? चालायला गेले आणि पडले, तर कुलूप. नाही चालले, तर आज ना उद्या पडणारच, तरी कुलूप. रागावू नकोस, पण तुमचं घर मी दिवाळीत बघितलं ना. सकाळी तुम्ही सगळे कामाला गेलात की दार आपोआप लागायचं. खाली बाग आहे म्हणायचीस, पण बागेत जायला लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये एकटीनं पाय टाकायला मी धजायची नाही. मी दिवसभर सोफ्यावर बसून राहायची. बसल्या बसल्या मांडीवर हात ठेवून बघायची, पाय बारीक झाले का म्हणून.

गावी आले आणि एकटीनं चालायचं ठरवलं. घरापासून निघायची, कोपऱ्यावर बसलेली कुत्री दिसली की थांबायची. कुत्री नसली तर उसाचा ट्रॅक्टर यायचा, मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली इतक्या मोठ्यानं की ड्रायव्हरला देव दिसला तरी ऐकू येणार नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि तो गेला की घराकडं वळायची. असं रोज.

एके दिवशी जाऊ दारातच उभी. "अक्का, रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन परत कामून यायलाव? काही इसरायलंय का?"

"चालायला जायलेय."

"हे चालणं? आमची म्हातारी गाय बी ह्याच्या पुढं जाते चरायला."

मला रडूच आलं. भर दारात. ती बावरली. मग पदरानं माझंच तोंड पुसत म्हणाली, "उद्यापून मी येते. मला बी गुडघ्यानं बेजार केलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं दोघींना आणखी गोळा केलं. एक गिरणीवाली. तिची साखर वाढलेली, आणि दिवसभर गिरणीच्या आवाजात राहून तिचा आवाज असा झालेला की ती कानात बोलली तरी गावाला कळावं. दुसरी आमची बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, नवरा गेलेला, मुलं लांब. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय म्हणून सगळे तिला बाईच म्हणतात. ती लय कमी बोलायची तेव्हा.

तर आम्ही चौघी निघालो. आणि पहिल्याच दिवशी काय घोळ झाला ऐक.

तुला शहरात कळणार नाही हे. आपल्याकडं बाई रस्त्यानं उगीच चालत नाही. शेतात निघाली तर डोक्यावर पाटी, हातात खुरपं. देवाला निघाली तर ताट. लग्नाघरी, बारशाला, काही ना काही हातात असतंच. डोक्यावर पदर, खाली मान, हात रिकामे, आणि चार-पाच बाया घोळक्यानं भराभरा निघाल्या, तर त्याचा एकच अर्थ. कुठंतरी मयत झालीय. मयतीलाच बाई रिकाम्या हातानं जाते, आणि वाटेत कुणाशी बोलत नाही.

आमच्या हे ध्यानातच आलं नाही. दवाखान्यातली पोरगी म्हणाली होती, हात मोकळे ठेवा, पडायला लागलं तर धरता येतं. थंडी होती म्हणून पदर कानावरून घेतलेले. मी भ्यालेली, बाई अबोल, जाऊ दात दुखतो म्हणून गप्प, आणि गिरणीवालीला तेव्हा चालताना दम पुरत नव्हता. चौघी मुक्यानं वरच्या आळीतून कॅनॉलच्या रस्त्याकडं गेलो. चहाच्या हॉटेलावर बसलेली माणसं उठून उभी राहिलेली मी बघितली. मला वाटलं, आम्हाला मान देतायत!

वरच्या आळीत एक आजोबा लय दिवस दवाखान्यात राहून नुकतेच घरी आले होते. लोकांनी त्यांचाच हिशेब लावला. कुणीतरी त्यांच्या लेकीला मानवतला फोन केला. आम्ही कॅनॉलवरून परत येतो, तर भरलेली रिक्षा आमच्या शेजारून, आतून हंबरडा. आम्ही रिक्षामागं जवळजवळ पळतच गेलो. बघतो तर आजोबा ओसरीत बशीतून चहा पितायत. लेक त्यांच्या पायावर पडून रडतेय आणि ते इकडं तिकडं बघत विचारतायत, "आगं, कोण गेलं? कोण गेलं ते तर सांगा!"

खरं कळल्यावर ते लेकीला म्हणाले, "मी मेलो म्हणून पळत आलीस, जितेपणी बोलावलं तर येत न्हाईस. आता जेवून जा." आणि आम्हाला काठी दाखवून, "तुमी परत माझ्या दारावरनं गेलाव ना, तर तंगड्या मोडीन!"

आम्ही हसलो खरं, पण त्या लेकीचं तोंड मी विसरले नाही. रडं थांबलं होतं तरी ओठ थरथरत होते.

दुपारी मारुतीच्या पारावर पंचायत बसली. काय हातात घ्यायचं? जाऊ म्हणाली, "तांब्या घेऊ एकेक."

"घे," गिरणीवाली म्हणाली. "पहाटं चार बाया तांब्या घेऊन निघाल्या म्हंजे लोकं म्हणतील, सरकारनं संडास बांधून दिले तरी ह्यांची खोड जाईना!"

ताट घ्यायचं तर हात अडकणार. काठी घेतली तर म्हणतील भांडायला निघाल्या. तेव्हा चहाच्या हॉटेलवाल्यानं तिथूनच आवाज दिला, "मावशी, हातात काही घेऊ नका. फकस्त मुक्यानं जाऊ नका. बोलत जावा. मयतीला जाणारी बाई बोलत न्हाई. तुमचा गलका आला की आमाला मालूम होईल, सगळं खुशाल हाय."

तेव्हापासून नेम झाला. दार ओढल्यापासून दार उघडेपर्यंत बोलायचं. गप्प बसायचं नाही.

आणि बघ बाई, ह्या बोलण्यानं काय केलं. बोलायचं म्हणजे दम राखून चालावं लागतं. कुणी फार भरभर निघाली की तिचं वाक्य तुटतं, मग बाकीच्या म्हणतात, "हळू गं." त्यामुळं सगळ्यांत हळू जी, तिच्या चालीनं सगळ्या. म्हणजे माझ्या. ट्रॅक्टर आला की चौघी एका बाजूला होतो, गिरणीवाली ड्रायव्हरला अशी हाक घालते की तो गाण्याचा आवाज कमी करतो. कुत्री आम्हाला बघून उठून जातात. बाई आधी हं-हं करायची, मग एके दिवशी वर्गातल्या गमती सांगायला लागली ती थांबेचना. एखाद्या दिवशी मला वाटायचं, नको आज, पाय जड आहेत. पण दाराशी जाऊची हाक यायची, "अक्का, उठलाव का मेलाव?" मग उठावंच लागायचं. एकटी असते तर त्या मशीनवर मी पण टॉवेल वाळत घातला असता.

एका पायावर उभं राहायचा व्यायाम मला घरात कधीच जमला नाही. भिंत धरली तरी वाटायचं भिंतच सरकतेय. जाऊ म्हणाली, "आपण फुगडी खेळायचो तशी हाताची पकड घ्या. पंजाला पंजा नको, मनगटाला मनगट." नागपंचमीला पोरीबाळी धरतात तशी. आम्ही चौघींनी गोल केला कॅनॉलच्या पुलावर, एकमेकींची मनगटं धरली आणि एकेक पाय उचलला. माझं मोडलेलं मनगट बाईच्या हातात होतं. ती वर्गात पोराचं बोट धरावं तसं धरायची, दुखवायची नाही आणि सोडायचीही नाही. उभी राहिले गं मी! चौघी बगळ्यासारख्या. डुलत होतो, पण एक डुलली की तिघींच्या हाताला कळायचं. न्हाणीत पडल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा असा हात लागलाच नव्हता. माणूस एकटं राहिलं की अंगाला हातच लागत नाही कुणाचा, हे कुणी बोलत नाही.

भीती गेली असं समजू नकोस. ओढ्याजवळ रस्ता उतरतो तिथं मी जाऊचा पदर मुठीत धरायची. फक्त आता भीती वाटली की सांगायला माणूस होतं. "भ्या वाटायलंय गं," म्हणायची मी. "मला बी," असं तिघीतली एक तरी म्हणायचीच.

मग पौषात कॅनॉलला पाणी सुटलं. ज्वारीला पाण्याची पाळी होती. पाणी काठोकाठ, काळं, आवाज न करता पळणारं. मला ते मुळीच बघवत नव्हतं. त्या दिवशी धुकं होतं. गिरणीवाली तिच्या जावयाची नक्कल करत होती, आम्ही हसत होतो. समोरून मोटारसायकल आली, दिवा नाही, धुक्यातून एकदम. आम्ही बाजूला झालो. मी कॅनॉलच्या अंगाला झाले. दहिवरानं ओलं गवत, त्यावर चप्पल घसरली, आणि मी बसल्यासारखी काठाच्या उतारावरून खाली.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मला काय आठवलं सांगू? कुलूप. खरंच. मरण नाही आठवलं. पडले, आता कुलूप, एवढंच आलं मनात.

मग मनगटाला मनगट लागलं. जाऊ पालथी पडली होती काठावर. तिच्या पायावर गिरणीवाली बसलेली, सगळ्या वजनानिशी, आणि बाईनं माझा दुसरा हात धरला, मोडलेला. रोजची पकड. पाणी ओढत होतं. मी ओरडले, "सुटंल गं!" जाऊ दात खाऊन म्हणाली, "पाय उचला अक्का. पुलावर उचलताव तसा. एक पाय उचला." मी उचलला. सिमेंटच्या फटीत टाच अडकली. मग दुसरा. कशी वर आले ते मला माहीत नाही, पण माझ्या पायांना माहीत होतं.

वर येऊन चौघी गवतात पडलो. अंगाला काही झालं नव्हतं, थोडं खरचटलं. कमरेच्या पिशवीतला मोबाईल पाण्यात गेला होता. आणि चौघींच्या तोंडून शब्द फुटेना. तशाच उठलो. मला मध्ये धरून, ओल्या, मुक्या, निघालो.

अर्ध्या रस्त्यात समोरून हॉटेलवाला आला. हातात दुधाची किटली तशीच. "तुमचा गलका पुलापर्यंत आला आन् बंद झाला," म्हणाला. "रोज तुमचा आवाज वळणाला आला की मी दूध ठिवतो. आज आवाज येईना. म्हणून गिऱ्हाईक सोडून निघालो."

भंगारवाल्याच्या भोंग्याखाली मेलेली माझी हाक मला आठवली. तेव्हा मी ओरडत होते आणि कुणी ऐकलं नाही. आज आम्ही गप्प झालो आणि ते ऐकून माणूस पळत आला. मी तिथं रस्त्यातच बसून रडले.

पण गावाला काय दिसलं? हॉटेल सोडून पळणारा माणूस, आणि धुक्यातून मुक्यानं येणाऱ्या बाया, मध्ये एकीला धरलेलं. पुन्हा तेच. कुणीतरी तुझ्या बापाला फोन केला.

त्या सकाळी तो चहा तसाच टाकून निघाला, ते तू बघितलंस. पुढचं त्यानं तुला सांगितलं नसेल. माझा फोन लागेना, तो पाण्यात. असा फोन गेल्याचं जाऊला कळलं तशी तिनं त्याला फोन केला. म्हणाली, "बाबा, अक्का ठीक हायेत. गडबड करू नको. हळू ये." आता तूच सांग, मयतीला निघालेल्या लेकराला वाटेत खरं कोण सांगतं? "ठीक आहे, हळू ये," हेच सांगतात. आपल्याकडची रीतच ती. तुझे आजोबा गेले तेव्हाही त्यानं हेच ऐकलं होतं. जाऊ जेवढं समजावून सांगायला लागली तेवढी त्याची खात्री पटत गेली. शेवटी मी फोन घेतला, तर त्यानं रेंज नसलेल्या ठिकाणी गाडी घातलेली. पुण्यापासून इथं आपल्या पेडगावपर्यंत तुझा बाप मेलेल्या आईला भेटायला आला.

दारात आला तेव्हा मी खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्या आजोबांसारखीच. त्यानं मला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसला. दोन्ही हात डोक्यावर. माझ्याजवळ यायचीही त्याला भीती वाटत होती. मानवतच्या त्या लेकीचे ओठ थरथरत होते ना, अगदी तसेच ह्याचे. मी उठून गेले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा तो मोठ्यानं रडला. इतके दिवस मी पडायला भीत होते, पण माझ्या पडण्याला तो किती भितो ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो परभणीला जाऊन कुलूप घेऊन आला. हे एवढं मोठं. "माय, हा असा प्रवास माझ्याच्यानं परत व्हायचा न्हाई," म्हणाला. "सामान बांध."

मी वाद घातला नाही. त्याचंही खरंच होतं. पातळं काढून ठेवली. सासूबाई डोळ्यापुढून जाईनात. तुमचा सोफा दिसत होता, आणि त्यावर माझे पाय.

पहाटे नेहमीची हाक आली. "अक्का, उठलाव का मेलाव?" तुझा बाप ताडकन उठला. "काकू, असलं काय बोलता!" जाऊ बिचकली. मी म्हणलं, "आजचा दिवस जाऊन येते. मग ने मला." खरं तर मलाही जायचं नव्हतं. पण त्या दिवशी बसले असते तर पुन्हा उठले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो म्हणाला, "मी बी येतो." आमच्या मागं मागं चालत राहिला, चप्पल न घालता, एक हात पुढं केलेला, जसा मी त्याला चालायला शिकवताना करायची. त्याच्यापुढं आम्हाला बोलायला सुचेना. चौघी गप्प. हॉटेलाच्या पुढं गेलो न गेलो तोच हॉटेलवाला बाहेर आला, "काय झालं?" समोरच्या घरातून एक म्हातारी डोकावली, "काय झालं गं?" पलीकडून दूधवाला गाडी थांबवून, "काकू, काय झालं?" आणि वरच्या आळीतून ते आजोबा काठी टेकत, "आता कोण गेलं?"

तुझा बाप थांबला. एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बोला ना काकू. रोज बोलता तसं बोला."

गिरणीवालीनं जावयाची नक्कल जिथं तुटली होती तिथून सुरू केली.

त्या दिवशी आम्ही शाळेच्या मैदानात फेऱ्या मारल्या. पाण्याची पाळी असेल तेव्हा कॅनॉलकडं जायचं नाही, असं त्यानं चौघींकडून वदवून घेतलं. पुलाऐवजी झेंड्याच्या ओट्याजवळ आम्ही मनगटं धरली. बाईनं त्यालाही बोलावलं, "ये रे, तिसरीत असताना पण तू कोपऱ्यातच उभा राहायचास." तो आला गोलात. आणि काय सांगू तुला, एका पायावर सगळ्यात आधी तोच डळमळला. त्याचं मनगट माझ्या हातात होतं. सोडलं नाही मी.

सामान उघडलं. पण कुलूप परत गेलेलं नाही बरं. फडताळात वरच्या फळीवर आहे, कागदात गुंडाळलेलं, आणि किल्ली तुझ्या बापाच्या खिशात आहे, पुण्यात. भांडी काढायला हात वर केला की कागद वाजतो आणि मी हात मागं घेते. अजून एकदा पडले तर काय, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

म्हणून म्हणते, तू ये. तुझं मशीन दारं-खिडक्या लावून राहू दे तिथं. थंडी आहे तोवर ये, उन्हाळ्यात आम्ही लय लवकर निघतो, तुला उठवणार नाही. तुझ्यासाठी गोलात जागा करू, जाऊच्या आणि माझ्या मधली. दम लागला तर आम्ही थांबू, आम्हाला काय घाई आहे? आणि परत गेलीस की बापाला सांगशील की आजीचा हात तू धरून बघितलास, पकड घट्ट आहे. तू सांगितलंस तर तो ऐकेल.

येशील ना? ह्या आठवड्यात जमलं तर ह्याच आठवड्यात ये.